घाटांतला दुवा : योग आणि क्षेम

आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचें लग्न २०१७ सालच्या मे महिन्यांत दादर येथें झालें. वधूस बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा. म्हणून मुहूर्त साडेअकराचा असतांहि आम्ही पुण्याहून सकाळीं साडेसहासच निघालों. बरोबर आमचें कुटुंब, थोरली सून आणि आठ वर्षांचा नातू. द्रुतगतिमार्गानें तीन तास पुरेत, वर दोन तास हाताशीं शिल्लक, असा आमचा हिशेब. कामशेतचा बोगदा मागें पडला, लोणावळें जवळ आलें आणि मोटार थांबली ती थांबलीच. पुढें घाटांत कोठें तरी मालाची एक अवजड गाडी आडवी झाली होती. तासभर गेला. आमचा जीव खालींवर होऊं लागला आणि, सांगण्यास संकोच वाटतो, पण आम्हींच चालकास म्हटलें, "अरे, डाव्या कडेनें घे थोडी पुढें." असे शहाणे आमच्यासारखे पुष्कळ निघाले. पंधरा मिनिटांत रस्त्याची ती मोकळी कडहि मोटारींनीं भरून गेली.

मग मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूं आला. तिनें त्या कडेनेंच यावयाचें होतें. अशा प्रसंगासाठींच ती कड रिकामी सोडलेली असते. तिच्या वाटेंत आतां आमची मोटार उभी होती. मागें घ्यावी तर मागें मोटार, उजवीकडे घ्यावी तर तेथेंहि मोटार. नातवानें विचारलें, "आजोबा, ती आपल्यालाच ओरडते आहे का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही उतरून मागें गेलों. आंत एक वृद्ध गृहस्थ निजलेले, नाकास प्राणवायूची नळी लावलेली. उशाशीं त्यांची मुलगी, मांडीवर कागदपत्रांची पिशवी घेऊन बसलेली. तिनें आमच्याकडे पाहिलें; बोलली कांहींच नाहीं. लोकांनीं आपापल्या मोटारी वीत वीत सरकवून वाट केली आणि चाळीस मिनिटांनीं ती गाडी पुढें गेली. त्या गृहस्थांचें पुढें काय झालें, हें आम्हांस कधींच कळलें नाहीं.

आम्ही दादरला पोंचलों तेव्हां एक वाजून गेला होता. मामाचें काम आमच्या चुलतभावानें उरकलें होतें. बहिणीनें रागाचा शब्द काढला नाहीं; "आधीं पानावर बसा," एवढेंच म्हणाली. मुहूर्त हुकल्याचें दुःख कालांतरानें ओसरलें. त्या मुलीची मुद्रा मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीं. घाटांतील रस्त्याची ही अडचण मुळांत आहे तरी काय, ती दूर करण्यासाठीं काय केलें जात आहे आणि त्याचें मोल कोण देतो, हें नीट समजून घ्यावें व आपल्या वाचकांपुढें मांडावें, ही इच्छा तेव्हांपासूनची. ती आज पुरी करीत आहों.

मुंबई व पुणें यांच्यामध्यें सह्याद्रि उभा आहे. या दोन शहरांच्या व्यवहाराचा इतिहास म्हणजे बोरघाट ओलांडण्याचा इतिहास. पूर्वीं माल चढावयाचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. १८३० सालच्या नोव्हेंबरांत, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां, घाटांतून गाड्या जातील असा बांधीव रस्ता खुला झाला. ज्या पुलास पुढें लोक 'अमृतांजन पूल' म्हणूं लागले तो त्याच वेळचा. त्याच्या कमानी खालून जाणाऱ्या वाहतुकीस अपुऱ्या पडूं लागल्या आणि २०२० सालच्या एप्रिलांत, टाळेबंदीमुळें रस्ता मोकळा आहे असें पाहून, तो १९० वर्षांचा पूल सुरुंग लावून पाडण्यांत आला.

रस्त्यामागून आगगाडी आली. १८५६ सालीं घाटांतील लोहमार्गाचें काम निघालें आणि १८६३ सालीं तो पुरा झाला. त्या मार्गांत एक मोठी उणीव होती. चढण एका दमांत साधेना. म्हणून मध्यावर गाडी थांबवावी, एंजिन दुसऱ्या टोकास जोडावें आणि उलट दिशेनें पुढची चढण चढावी, अशी व्यवस्था होती. ती उलटापालट साठांहून अधिक वर्षें चालली. १९२९ च्या सुमारास नव्या आखणीनें व नव्या बोगद्यांनीं ती बंद झाली. घाटांत पहिल्या खेपेस जें काम होतें तें त्या वेळच्या पैशाच्या व यंत्राच्या बेताचें. दुसरी पिढी पुन्हां डोंगर पोखरून त्यांतील उणीव काढते. द्रुतगतिमार्गाची कथा याहून निराळी नाहीं.

या मार्गाची पाहणी १९९० नंतर सुरू झाली. १९९६ सालीं महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालें, १९९७ सालीं हें काम त्याजकडे सोंपविण्यांत आलें. रस्ता बांधावा आणि तीस वर्षें टोल घेऊन खर्च वसूल करावा, अशी ती योजना होती. १९९८ सालीं काम लागलें आणि २००२ सालीं कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा ९४.५ किलोमीटरांचा सहापदरी सिमेंटचा मार्ग पुरा झाला. खर्च सुमारें १,६३० कोटी रुपये. जागोजागीं फांटे नाहींत, गुरेंढोरें व दुचाक्या आंत येत नाहींत, समोरासमोर वाहन येत नाहीं, असा हा देशांतील पहिला मोठा रस्ता. चार-पांच तासांचा प्रवास अडीच-तीन तासांवर आला. २००९ सालीं मार्गास यशवंतराव चव्हाण यांचें नांव देण्यांत आलें. ज्यांनीं जुन्या रस्त्यानें एस. टी. मधून, हातांत लिंबू धरून, खोपोलीचीं वळणें काढलीं आहेत त्यांस या सुधारणेचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

परंतु घाटांत एक गांठ राहून गेली. खोपोली व खंडाळा यांच्या दरम्यान नव्या मार्गास सर्वस्वीं स्वतंत्र वाट मिळाली नाहीं. जुना चारपदरी महामार्ग आणि नवा सहापदरी मार्ग तेथें कांहीं अंतर एकत्र येतात, आणि दोहोंस मिळून पदर सहाच. पंगतीस पानें दहा आणि पाट सहा, अशी ही स्थिति. त्यांतहि ती जागा चढणीची व वळणांची. माल भरलेली गाडी चढणीवर पायीं चालणाऱ्या माणसाच्या वेगानें रखडते. तिच्या मागची दुसरी तीस मागें टाकण्यासाठीं शेजारच्या पदरांत शिरते आणि तीहि तेथें रखडते. असे दोन पदर गेले कीं उरला एक. एखादें वाहन बिघडलें तर तोहि जातो. सुटीच्या दिवशीं तेथें दोन-दोन तास मोटारींची रांग लागते तिचें मूळ या आखणींत आहे. केवळ वाहनें फार झालीं म्हणून ती लागते असें नव्हे.

ही गांठ सोडविण्यासाठीं जो नवा रस्ता योजिला त्यास वर्तमानपत्रें 'मिसिंग लिंक' म्हणतात. आपण त्यास 'राहून गेलेला दुवा' म्हणूं. खोपोलीकडील बाजूपासून लोणावळ्यापलीकडील कुसगांवापर्यंत, घाट टाळून, तो सरळ डोंगराच्या पोटांतून नेलेला आहे. काम २०१९ सालीं सुरू झालें, आणि तें पुरें होण्याची मुदत एकाहून अधिक वेळां पुढें ढकलली गेली. लांबी सुमारें १३.३ किलोमीटर, त्यांत दोन बोगदे, एक सुमारें पावणेदोन किलोमीटरांचा व दुसरा जवळजवळ नऊ किलोमीटरांचा. हा दुसरा लोणावळ्याच्या तलावाच्या बऱ्याच खालून जातो. दरी ओलांडण्यासाठीं दोन मोठे पूल. त्यांतील एक तारांच्या दोरांनीं तोललेला, आणि त्याचे खांब सुमारें १८२ मीटर उंचीचे. ज्यांनीं गिरगांवांतील चाळींत दिवस काढले आहेत त्यांनीं एकावर एक साठ मजले कल्पावे, म्हणजे या उंचीची अटकळ येईल. अंदाजी खर्च सुमारें ६,७०० कोटी रुपये. म्हणजे ९४ किलोमीटरांस जेवढें द्रव्य लागलें त्याच्या चौपट या तेरा किलोमीटरांस. मध्यंतरीं रुपयाची किंमत उतरली हें खरें. तरी डोंगर फोडण्याचें मोल मैदानांत रस्ता करण्याच्या मोलाहून किती निराळें, तें यावरून ध्यानांत येतें.

एवढें करून मिळतें काय? अंतर सहा किलोमीटरांनीं कमी होतें आणि वेळ सुमारें पंचवीस मिनिटांनीं वांचतो. कोणी म्हणेल, पंचवीस मिनिटांसाठीं सहा-सात हजार कोटी? आमच्याच घरीं हा प्रश्न निघाला. धाकटे बंधु बॅंकेंतून निवृत्त, ते म्हणाले, "तेवढ्या वेळांत लोक चहा पितात." यावर आम्हीं त्यांस आमच्या भाचीच्या लग्नाचें उदाहरण दिलें. त्या दिवशीं आमचें नुकसान प्रवास लांबल्यानें झालें नाहीं. प्रवास सहा तासांचा आहे हें आदल्या रात्रीं ठाऊक असतें तर आम्ही चारास निघालों असतों. नुकसान झालें तें खात्री नसल्यानें. जो रस्ता कधीं अडीच तास घेतो व कधीं सहा तास, त्यावरून जाणाऱ्यास प्रत्येक वेळीं सहा तासांचीच तरतूद करावी लागते. ही अनिश्चितता म्हणजे पावती नसलेला करच होय.

आमच्यापाशीं एक दिवसाचें लग्न होतें. कारखानदारापाशीं ही विवंचना रोजची. चाकण, तळेगांव, रांजणगांव येथील मोटारी, यंत्रें व त्यांचे सुटे भाग न्हावाशेव्याच्या बंदराकडे जातात ते याच वाटेनें. तें बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि पुण्याभोंवतालच्या उद्योगांस समुद्राचें दार जवळ आलें. जहाज कोणासाठीं थांबत नाहीं. पेटी वेळेवर पोंचेल याची खात्री नसली कीं माल एक दिवस आधीं धाडावा लागतो. गाडी व चालक बंदराबाहेर बसून राहतात. कारखान्यांत सुट्या भागांचा सांठा जास्त ठेवावा लागतो आणि त्यांत भांडवल अडकून पडतें. पुरंदरचा अंजीर किंवा सीताफळ वाशीच्या बाजारांत पहांटेच्या लिलावास पोंचलें तर एक भाव, दुपारीं पोंचलें तर दुसरा; आणि अंजीर दुपारची वाट पाहत नाहीं. रस्त्यानें देशाची संपत्ति वाढते असें जें म्हणतात त्याचा अर्थ एवढाच कीं, अशा हजारों लहान खोळंब्यांत जें रोज जिरून जातें तें वांचतें. आमच्या मतें या दृष्टीनें हा दुवा जोडण्याचा निर्णय योग्यच आहे. तो वीस वर्षें आधीं जोडतां आला असता तर अधिक बरें, परंतु तेव्हां तेवढें द्रव्य नव्हतें.

येथें 'योगक्षेम' या शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. गीतेमुळें तो घरोघर ठाऊक आहे, पण बहुतेक लोक त्याचा अर्थ 'चरितार्थ' एवढाच घेतात. आमच्या शास्त्रीबुवांनीं तो आम्हांस निराळा शिकविला : जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हा क्षेम. संसार दोहोंवर चालतो. मुलगा नवी जागा घेतो, त्याचें चारचौघांत कौतुक होतें; सून जुन्या घरांतील गळकें कौल वेळीं बदलून घेते, त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. रस्त्यांच्या बाबतींत आपलें असेंच होत आलें आहे. योगाचा समारंभ होतो, क्षेमाची आठवण दरड कोसळल्यावर होते.

२०१५ च्या पावसाळ्यांत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. २०२३ च्या जुलैंत त्याच भागांत पुन्हां कोसळली. सह्याद्रीचा खडक उभ्या चिरांचा. पावसाचें पाणी चिरांत शिरतें, माती धुऊन जाते आणि मोठमोठे धोंडे मोकळे होतात. एकदां डोंगर कापला कीं त्याची निगा दरवर्षीं घ्यावी लागते. सैल धोंडे पाडणें, जाळ्या बांधणें, पाण्यास वाट करून देणें, हीं कामें पुरीं म्हणून कधीं होत नाहींत. जो डोंगर पोखरतो त्यानें पुढच्या पन्नास पावसाळ्यांचें दायित्व घेतलें, असेंच समजलें पाहिजे.

दुसरा क्षेम माणसांचा. या मार्गानें जीव फार घेतले. भक्ती बर्वे यांसारखी गुणी अभिनेत्री २००१ सालीं, आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे २०१२ सालीं, याच रस्त्यावर अपघातांत गेलीं. तीं नांवें सर्वांस ठाऊक म्हणून आठवतात. एकट्या २०१६ सालीं या मार्गावर सुमारें दीडशें माणसें मेलीं, आणि त्यांतील बहुतेकांचीं नांवें त्यांच्या घरापलीकडे कोणास ठाऊक नाहींत. त्यानंतर प्रत्येक अपघाताची जागा व कारण तपासून उपाय योजिले गेले. दुभाजकाजवळ तारांचे दोर ताणले, उघड्या खांबांपुढें व कठड्यांच्या टोंकांशीं आडोसे घातले, कडेस उभ्या राहणाऱ्या मालगाड्यांस अटकाव केला. २०२४ सालीं वेग व पदर यांवर नजर ठेवणारे कॅमेरे सुरू झाले. मृत्यूंची संख्या बरीच उतरली. यासाठीं डोंगर पोखरावा लागला नाहीं. थोडक्या खर्चांत एवढें साधतें, ही गोष्ट नवे पदर मागणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां मोलाकडे वळूं. वाटेचा कर ही कांहीं इंग्रजांनीं आणलेली चीज नव्हे. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर जो दगडी रांजण आहे तो जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता, असें परंपरा सांगते. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत या कराचें नांवच दिलें आहे : 'वर्तनी'. सीमेवरील अंतपाल या अधिकाऱ्यानें मालाच्या गाडीमागें सवा पण वर्तनी घ्यावी, एका खुराच्या जनावरामागें एक पण, गुरामागें अर्धा पण, असे दर त्यानें सांगितले आहेत. याच्या लगेच पुढें तो म्हणतो कीं, वाटेंत व्यापाऱ्याचें जें चोरीस जाईल वा नाहींसें होईल तें त्या अंतपालानें भरून द्यावें. कर घेणारानें वाटेची जोखीमहि घ्यावी, असा हा दंडक. नाक्यावर पैसे दिले कीं देणाराचा त्या वाटेवर हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

या मार्गावर टोलाचा व्यवहार कसा झाला तो पाहूं. २००४ सालीं हा मार्ग व जुना महामार्ग यांवरील टोलाचा हक्क पंधरा वर्षांसाठीं एका खाजगी कंपनीस देण्यांत आला. त्याबद्दल सरकारी महामंडळास ९१८ कोटी रुपये मिळाले. ती मुदत २०१९ सालच्या ऑगस्टांत संपली. पुढें २०२० सालीं दहा वर्षांसाठीं पुन्हां हक्क दिला तेव्हां रक्कम ठरली ८,२६२ कोटी. मुदत कमी झाली आणि किंमत नेमकी नऊपट झाली. यावरून या वाटेवरील उलाढाल केवढी वाढली हें जसें दिसतें, तसेंच पहिल्या खेपेस हक्क स्वस्तांत गेला काय, अशी शंकाहि मनांत येते. हातघाईच्या वेळीं उभें पीक विकणाऱ्या शेतकऱ्यास भाव कधीं पुरा मिळत नाहीं.

टोलाचा दर तीन वर्षांनीं शेंकडा १८ चढावा, असें ठरलेलें आहे. त्याप्रमाणें साध्या मोटारीस २०१४ सालीं १९५, २०१७ सालीं २३०, २०२० सालीं २७० आणि २०२३ सालीं ३२० रुपये झाले. शाळेंत चक्रवाढ व्याज शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं, तेंच येथें लागू : अशी वाढ सहा वेळां झाली कीं मूळच्या शंभराचे सुमारें दोनशें सत्तर होतात. मूळ खर्च केव्हांच वसूल झाला, आतां टोल कशास, असा वाद निघाला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरा पक्ष असा कीं, नव्या दुव्याचा खर्च याच टोलांतून भागावयाचा आहे. आणि त्यासाठीं वसुलीची मुदत २०४५ पर्यंत लांबविण्यांत आली आहे. आम्हीं ज्या नातवाबरोबर घाटांत अडकलों होतों तो तेव्हां छत्तीस वर्षांचा असेल. कर्ज आम्हीं काढलें, हप्ते तोहि फेडील.

कर्ज वाईटच असें आम्ही म्हणत नाहीं. ऋण काढून सण करणें निराळें आणि ऋण काढून शेतांत विहीर खणणें निराळें. हा दुवा विहिरीच्या जातीचा आहे. पण एकत्र कुटुंबांत कर्त्यानें विहिरीसाठीं कर्ज काढलें तर तो वर्षाकांठीं वही उघडून सर्वांस दाखवितो : मुद्दल एवढें, फेडलें एवढें, दुरुस्तीस गेलें एवढें, बाकी एवढें. तशी वही दाखविली कीं भाऊ कुरकुर करीत नाहींत. न दाखविली कीं तेथूनच वाटणीची भाषा सुरू होते. टोलाविषयीं लोकांचा जो राग आहे तो तीनशें वीस रुपयांचा तितकासा नाहीं. वही दिसत नाहीं, याचा आहे. आतां तर फास्टॅगमुळें प्रत्येक वाहनाची व प्रत्येक रुपयाची नोंद यंत्रच ठेवतें. नाक्यावर मोठा फलक लावून, मराठींत, चार ओळींत हा जमाखर्च दर महिन्यास लिहिणें मुळींच अवघड नाहीं. तेवढें झालें तर वर्तनी घेणारानें आपलें कर्तव्य ओळखलें, असें आम्ही म्हणूं.

राहिला प्रश्न विस्ताराचा. घाटांतली गांठ सुटली तर मार्गाचा उरलेला भाग अपुरा पडेल, म्हणून तो सहाचा आठ, मागाहून दहा पदरांचा करावा, असे प्रस्ताव पुढें आले आहेत. मुंबईच्या अंगास शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. तो द्रुतगतिमार्गास नीट जोडणें हा पुढचा भाग. पुण्याच्या अंगास वर्तुळाकार रस्त्याची योजना आहे. यांतील धोरण बरोबर आहे. कारण दोन्हीं तोंडें तुंबलेलीं असतां मधली नळी रुंद करून पाणी वेगानें वाहत नाहीं. घाटांत वांचलेलीं पंचवीस मिनिटें वाकडच्या चौकांत उभें राहून गेलीं तर कारखानदाराच्या किंवा अंजीरवाल्याच्या पदरांत काय पडलें? मात्र एक अनुभव विसरतां कामा नये. रस्ता रुंद झाला कीं जे आगगाडीनें जात ते मोटारीनें जाऊं लागतात, आणि कांहीं वर्षांनीं गर्दी होती तेथेंच येते. म्हणून नव्या पदरांबरोबर आगगाडीकडेहि तितकेंच लक्ष हवें. जड माल जेवढा रुळांवर जाईल तेवढी घाटांतील चढण हलकी होईल.

शेवटीं आपल्याकडे. बोगदे सरकार खणील, कॅमेरे महामंडळ लावील. पण रस्त्याची कड मोकळी ठेवण्याचें काम कोणत्याहि कंत्राटांत देतां येत नाहीं. तें मोटारींत बसलेल्या माणसाचें आहे, आणि चालकास हुकूम सोडणाऱ्या वडील माणसाचें तर अधिकच. शिकलेल्या घरांतील आपण मंडळी सरकारच्या चुका फार लवकर मोजतों; त्या मोजाव्याच. पण त्या दिवशीं ती रुग्णवाहिका अडविणारा कोणी अडाणी नव्हता. संस्कृतचा एक निवृत्त शिक्षक होता, आणि तो एका मंगलकार्यास निघाला होता.

गेल्या वर्षीं त्याच भाचीच्या मुलाची मुंज झाली, ठाण्यास. आम्ही आदल्या दिवशींच निघालों. नातूहि बरोबर होता; तो आतां महाविद्यालयांत जातो. खंडाळ्याजवळ नेहमींप्रमाणें खोळंबा झाला तेव्हां पुढची एक मोटार हळूच डाव्या कडेस सरकली. आमच्या चालकानें आरशांतून आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच नातू म्हणाला, "आपण इथेंच थांबूं, काका." आम्ही थांबलों.